कोंडामामाचे रिलिव्हर

माझा कोंडाजीमामा गेल्या वर्षी जग फिरून आला. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी हे सांगते तेव्हा ऐकणारीच्या डोळ्यांपुढे कोण उभं राहत असेल ते राहो, मामा नक्कीच राहत नाही. मामा म्हणजे जांभूळ गावच्या रस्त्याने सायकल हातात धरून चालत येणारा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला, कुणी हाक मारली तर आधी थांबून मग सावकाश मागे वळणारा माणूस. सायकलवर तो फारसा बसत नाही. सोबतीला असली की बरं वाटतं, म्हणतो.

त्याचं आयुष्य सांगायचं तर पंपहाऊसपासूनच सुरुवात करावी लागते. जांभूळला कारखान्यांना पाणी पुरवणारं केंद्र आहे. तिथे मामा विशीत हेल्पर म्हणून लागला आणि पुढे ऑपरेटर झाला. नदीचं पाणी उचलायचं, वर चढवायचं, पुढे धाडायचं. सांगायला काम एवढंच, पण ते रात्रंदिवस चालतं आणि पंपापाशी माणूस लागतोच. म्हणून तीन पाळ्या आणि तीन पाळ्यांना तीन माणसं. एक मामा, दुसरे अंबरनाथच्या बुवापाड्यातले शंकरराव आणि तिसरा उल्हासनगर कॅम्प चारमधला बाळा. सुट्टीच्या दिवशी भर म्हणून चौथा कुणीतरी यायचा, पण तो सारखा बदलायचा, त्यामुळे त्याला कुणी मोजत नसे.

या कामात एक नियम देवाच्या जागी असतो. आपल्याला सोडवायला येणारा माणूस, म्हणजे रिलिव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. घरी पाहुणे असोत, पोरगं तापाने फणफणलेलं असो, रिलिव्हर दारात दिसला की मगच सुटका. याला ते चार्ज देणं म्हणतात. पाळ्या दर आठवड्याला फिरायच्या, पण रांग कधी मोडली नाही. बाळाला शंकरराव सोडवायचे, शंकररावांना मामा आणि मामाला बाळा. तीसेक वर्षं हे असंच चाललं.

रिलिव्हर आला की आधी दोघं बाहेरच्या पायरीवर बसून चहा प्यायचे. तेवढीच दहा मिनिटं बोलण्याची. मग आत. आत पंपांचा आवाज इतका की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार हातांनी. उघडा पंजा म्हणजे पंप चालू, मूठ म्हणजे बंद, बोटं वर केली की नदीची पातळी चढलेली. सगळं बघून झालं की येणारा माणूस जाणाऱ्याच्या खांद्यावर दोन थापा मारायचा. चार्ज घेतला, आता तू नीघ, असा त्याचा अर्थ. थाप पडली की जाणारा वळूनही पाहायचा नाही, सरळ गेटाकडे चालू लागायचा.

त्या दहा-दहा मिनिटांत या तिघांनी एकमेकांचे संसार बघितले. शंकररावांची बायको सरस्वतीबाई गेली तेव्हा मामाने त्यांना पायरीवर बसवून पाणी पाजलं, आणि मग आत जाऊन त्यांची पाळी केली. बाळाच्या पोरीचं जमत नव्हतं, त्यावर वर्षभर चर्चा झाली, तीही दहा-दहा मिनिटांचीच. पण तिघं एका वेळी एका जागी कधीच नसायचे. शंकररावांच्या मुलाच्या, आकाशच्या लग्नात बाळा नाचला आणि मामा पंपावर. बाळाच्या पोरीच्या हळदीला मामा नाचला आणि शंकरराव पंपावर. तिघांचा एकत्र फोटो कुणाच्याच घरी नव्हता, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

जग फिरण्याचं खूळ एका कॅलेंडरने घातलं. पंपांचं सामान पुरवणारा एक व्यापारी दरवर्षी कॅलेंडर द्यायचा. एका वर्षी त्यावर जगभरातले धबधबे आले. वर्ष संपलं तरी ते भिंतीवरून उतरलं नाही. रात्रपाळीला मामा ते बघत बसायचा. एकदा तो बाळाला म्हणाला, “आपून जल्मभर पानी वर चढवलं. एकदा पडताना बगू.” बाळाने हे शंकररावांना सांगितलं, शंकररावांनी दुसऱ्या दिवशी त्यात श्रीलंकेची भर घालून ते मामाकडे परत दिलं, आणि अशा रीतीने तो बेतसुद्धा चार्जसारखा एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. इतकी वर्षं फिरला की घरच्यांनी तो मनावर घेणं सोडून दिलं होतं.

मग पंप ऑफिसातल्या पॅनलवरून चालणार असं ठरलं. पायरीवर बसायला माणूस लागणार नव्हता. तिघांना सांगण्यात आलं की एक तर वेगवेगळ्या केंद्रांवर बदली घ्या, नाहीतर आधी निवृत्ती घ्या. शंकररावांची नोकरी तशीही संपत आली होती. बाळाला कशाचंच काही वाटत नाही. कॅम्प चारमध्ये सिंधी शेजारात जन्म काढल्यामुळे तो सगळ्यांना ‘साईं’ म्हणतो, साहेबांनाही, आणि निवृत्तीच्या कागदावर सही करतानाही तो साहेबांना साईं म्हणाला असं सांगतात. मामाची मात्र बरीच वर्षं उरली होती. आमच्या नात्यागोत्यात पक्की नोकरी सोडणं म्हणजे चालत्या गाडीतून उडी मारणं. मामाने ती मारली. बदली घेऊन तिघं तीन दिशांना जाण्यापेक्षा तिघं मिळून एका दिशेला जाऊ, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

घरात व्हायचं ते झालं. माझा मामेभाऊ महेश महिनाभर बापाशी बोलला नाही. पैशांचा हिशोब मामाने सगळ्यांपुढे मांडला होता, तो इथे मांडण्यात अर्थ नाही, कारण भांडण पैशांचं नव्हतंच. विठामामी मात्र भांडली नाही. ती चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली, “दहा मिन्टांची दोस्ती हाय तुमची. जल्मात कदी एक आख्खा दिस संगती काढलाय का तिघांनी? नोकरी सोडशील आनि चार दिसांत तोंडं फिरवून घरी येशील. मंग ना नोकरी, ना दोस्त.”

मामी रागात बोलते तेव्हा मामा हसून सोडून देतो, पण हे ती रागात बोलली नव्हती. दोन दिवसांनी तो माझ्याकडे बदलापूरला आला, सायकल जिन्याखाली लावली आणि समोर ठेवलेला चहा निवू दिला. मग म्हणाला की इतकी वर्षं नोकरी चांगली होती म्हणून तो जात नव्हता. आत आवाज, उकाडा, तेलाचा वास. एकाला सोडवायचं आणि दुसरा सोडवायला येणार, या दोघांसाठी तो जायचा. तेच जर पोकळ निघालं तर मागे बघायला काय राहिलं, हे त्याला कळत नव्हतं. मी त्याला समजावायला हवं होतं खरं, पण मलाही मामीचं पटलं होतं. मी म्हटलं, जाऊन बघ.

तिकिटं, व्हिसा, राहायच्या जागा, सगळं माझ्या गळ्यात पडलं. जग म्हणजे श्रीलंका, व्हिएतनाम, जॉर्जिया आणि शेवटी आफ्रिकेतला तो कॅलेंडरवरचा सगळ्यात मोठा धबधबा, असं ठरलं. जिथे व्हिसा सहज मिळतो आणि पाणी उंचावरून पडतं, तेवढंच आमचं जग. मामीला मी विचारलं होतं. ती म्हणाली, विमानात बसून पाणी बघायला सगळेच गेले तर घरच्या नळाचं पाणी कोण भरणार. बाळाची बायको शलाकावहिनी कॅम्प चारमध्ये घरी बसून जीन्स शिवते. तिने तिघांच्या पॅंटींना आतून चोरखिसे शिवून दिले आणि बजावलं, ज्याचा पासपोर्ट त्याच्या कमरेला. तिघांनी माना डोलावल्या. विमानतळावर पोहोचेपर्यंत शंकररावांनी तिन्ही पासपोर्ट आणि सगळ्या परकीय नोटा आपल्या काळ्या रेक्झिनच्या बॅगेत भरल्या होत्या. महत्त्वाची वस्तू एका जागी असावी, म्हणजे जबाबदारी ठरते, असं त्यांचं म्हणणं. चोरखिशांत मामाने तंबाखूची डबी ठेवली आणि बाळाने वेलदोडे.

श्रीलंकेतून फोटो येऊ लागले. डोंगरातल्या धबधब्यापुढे मामा, हात मागे बांधून. त्याच धबधब्यापुढे शंकरराव, टोपी घालून. मग बाळा, वाकडी मान करून. अनुराधपूरच्या बोधिवृक्षापाशी शंकरराव पांढऱ्या कपड्यांत, हात जोडलेले. दुसऱ्या फोटोत मामा, तिसऱ्यात बाळा. मी खुशाल अंगठे पाठवत होते. शाळेत मुलांच्या वह्या तपासताना सगळ्यांनी एकच चूक केलेली मला लगेच दिसते, पण हे दिसायला मला व्हिएतनाम उजाडलं. मग मी मामाला फोन करून विचारलं की फोटोत एकेक माणूसच का असतो, बाकीचे दोघं कुठे असतात.

मामाने ते इतक्या सहज सांगितलं की मला क्षणभर काही वावगंही वाटलं नाही. बॅगेपाशी एक जण थांबतो, एक जण झोपतो आणि एक जण बघून येतो. बघून आलेला बॅगेपाशी बसतो, बॅगेपाशी असलेला झोपायला जातो, झोपलेला उठून बघायला जातो. शिवाय येणारा माणूस पायऱ्या निसरड्या आहेत, डावीकडून जा, असं सगळं नीट सांगून चार्ज देतो. फोटो तिथलं कुणीतरी काढून देतं. कुणाची गैरसोय नाही. मामा खूश होता. त्या मधल्या दहा मिनिटांत तिघांच्या छान गप्पा होत होत्या.

मी हसत हसत हे मामीला सांगायला जांभूळला गेले. मामी हसली नाही. फोनवरचे फोटो तिने बोटाने एकेक सरकवून बघितले आणि म्हणाली, “त्यो थितंबी डूटीच करतोय.” नंतर तिने स्वतः मामाला फोन लावला आणि हेच वाक्य त्याला ऐकवलं.

तेव्हा ते तिघं व्हिएतनामच्या उत्तरेला, चीनच्या हद्दीवरच्या एका खेड्यात होते. तिथल्या धबधब्याचं नाव मामाला आजही घेता येत नाही. एका बाईच्या घरी वरच्या मजल्यावर उतरले होते आणि धबधबा तिथून चालत जाण्याइतका जवळ. मामीचा फोन आला तेव्हा बॅग मामाकडे होती, बाळा झोपला होता आणि शंकरराव धबधब्यावर गेले होते. मामा सांगतो, फोन ठेवला आणि नजर बॅगेवर गेली. इतक्या लांब येऊन आपण पुन्हा पायरीवरच बसलो आहोत, हे त्याला दिसलं. त्याने बाळाला हाक मारली. बाळाने कूस बदलली. मामाने बॅग उचलून हळूच बाळाच्या डोक्याखाली सारली आणि आयुष्यात पहिल्यांदा, रिलिव्हर नसताना, जागा सोडून निघाला.

पाणी त्या दिवसांत कमी होतं. पांढऱ्या पदरासारखं दगडांवरून शांत उतरत होतं आणि आवाजही बोलणं ऐकू येईल इतपतच. शंकरराव काठावर उभे होते. मामा जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला. किती तरी वर्षांचं राहून गेलेलं काहीतरी होतंय असं त्याला वाटलं. शंकररावांनी मान वळवून बघितलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला, तुला सोडवलं कुणी?

मामा म्हणाला, कुणी नाही. तो पुढे काही बोलणार तोवर शंकरराव वळले होते. त्या वयात, त्या चिखलाच्या वाटेवरून ते बॅगेसाठी घराकडे पळत सुटले. मामा तिथेच राहिला. समोर पाणी पडत होतं, पण ते बघण्यात त्याला काही गोडी वाटेना. विठा बरोबर बोलली, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. खरं सांगायचं तर हे ऐकताना मला शंकररावांचा भयंकर राग आला होता.

बॅग बाळाच्या डोक्याखाली जशीच्या तशी होती. पण संध्याकाळी दोघांचं कडकडून वाजलं. शंकरराव म्हणाले, चार्ज टाकून येणारा माणूस उद्या काहीही टाकेल. मामा म्हणाला, तुम्हाला बॅग पाहिजे, दोस्त नकोत, आपली दोस्ती दहा मिनिटांचीच, माझी बायको सांगत होती तेच खरं. मग दोघं गप्प झाले. दुसऱ्या दिवशी शंकररावांचा मला फोन आला. हनोईहून मुंबईचं एक तिकीट काढ, म्हणाले. एकच. कुणाचं, हे मी विचारलं नाही. बघते म्हटलं आणि काहीच बघितलं नाही.

हनोईला उतरणारी बस झोपायच्या बाकांची होती. दिवसभराचा प्रवास. मामा आणि शंकरराव खालच्या दोन बाकांवर, मधल्या वाटेच्या अलीकडे-पलीकडे, आणि बाळा वरच्या बाकावर. बॅग शंकररावांच्या मांडीवर. आता कुणाला कुठे बघायला जायचं नव्हतं आणि कुणाला कुणी सोडवणारही नव्हतं. विमानातही एकाने झोपायचं आणि एकाने बॅग धरायची हा क्रम मोडला नव्हता. असे तिघं एका ठिकाणी, जागेपणी, पहिल्यांदाच अडकले होते. बराच घाट उतरून गेल्यावर शंकरराव खिडकीकडे बघत बोलले. हे बोलणं मला तिघांनीही वेगवेगळं सांगितलं आहे आणि तिघांचंही जुळतं.

“कोंडा, बॅगेचं मला काही नाही रे. मला भीती वाटते. आपल्याला दहा मिनिटं बोलता येतं. अकराव्या मिनिटाला काय बोलायचं ते मला माहीत नाही.” मग ते म्हणाले, “बोधिवृक्षापाशी मी एकटाच उभा होतो. सरस्वती नाही, तुम्ही नाही. तेव्हापासून मनात आहे, तिघांनी मिळून बघावं, पण म्हणायचं कसं?”

मामा काही बोलण्याआधी वरून बाळाचा आवाज आला. “साईं, मी झोपलेलो नसतोच. माझी ड्युटी नाय म्हणून पडून ऱ्हातो. उठवा की मला.”

मला वाटतं, या सगळ्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त वाईट बाळाचं वाटलं. परक्या देशातल्या एवढ्या खोल्यांमध्ये हा माणूस डोळे मिटून, कुणीतरी हाक मारेल म्हणून पडून राहिला होता. आणि मामाने त्या दिवशी हाक मारली तेव्हा? तेव्हा म्हणे त्याला वाटलं, बॅगेवर बसायला उठवतोय.

मामाने शंकररावांना एवढंच सांगितलं की अकराव्या मिनिटाला गप बसू. मग हनोई येईपर्यंत तिघं गप्प बसले. पण ते गप्प बसणं आदल्या दिवसासारखं नव्हतं, असं बाळा सांगतो. हनोईला उतरल्यावर शंकररावांनी बॅग उघडली आणि ज्याचा पासपोर्ट त्याच्या हातात दिला. तंबाखू आणि वेलदोडे बॅगेत गेले, पासपोर्ट चोरखिशात. शलाकावहिनीने अंबरनाथ-उल्हासनगरात ज्याला त्याला हे सांगितलं. तीन मोठ्या माणसांना जे कळायला दोन देश लागले ते तिने शिलाई मशीनवर बसल्या बसल्या सांगितलं होतं. मी तिकिटाचं विचारलं तेव्हा शंकरराव म्हणाले, कसलं तिकीट?

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण शरीराला लागलेलं वळण एका बसप्रवासात सुटत नाही. जॉर्जियात ते एकत्र फिरू लागले खरे, पण कुठेही जाऊन उभे राहिले की थोड्या वेळाने एकाचे पाय आपोआप परत फिरायचे. शंकरराव गाडीत जाऊन बसायचे. बाळा चहा शोधायला जायचा. मामाला अवेळी झोप यायची. एकमेकांच्या सवयीही कळू लागल्या. शंकरराव मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचतात आणि शेवटपर्यंत वाचतात. मामा रात्री उठून खोलीतले सगळे नळ तपासतो. फोटोत आता दोघं दिसायचे, आणि तिसरा दिसलाच तर फ्रेमच्या बाहेर पडताना. मामी फोटो बघायची आणि फोन मला परत द्यायची. फोनवर मामाचा आवाज बरा असायचा, पण त्याला जे बघायचं होतं ते अजून दिसलं नव्हतं, हे मला कळत होतं.

आफ्रिकेहून बरेच दिवस फोटोच आले नाहीत. आला तो एक, आणि त्यात नुसतं पांढरं धुकं होतं. मोबाइल भिजला, एवढंच बाळाने कळवलं. बाकीचं मला मामाने परत आल्यावर सांगितलं. जांभूळला, अंगणात, पाय पसरून बसून. मामी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती आणि ऐकत नसल्यासारखं करत होती.

तो धबधबा म्हणे दिसायच्या आधी ऐकू येतो. लांबूनच जमीन थरथरते. वाटेवर भाड्याने रेनकोट देतात, तिघांनी ते घातले. जंगलातल्या ओल्या वाटेने चालता चालता मामाचे पाय झपझप पडू लागले, कारण आवाज ओळखीचा होता. पंपहाऊसच्या दारात आल्यावर येतो तोच, फक्त त्याला छप्पर नव्हतं. कठड्यापाशी मामा आधी पोहोचला. शेजारी शंकरराव. समोर अख्खी नदी खाली पडत होती आणि वर उडालेलं पाणी पुन्हा त्यांच्याच डोक्यावर येत होतं. शंकरराव काहीतरी बोलले. ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा तोंड हलवलं, मग सोडून दिलं आणि हात वर करून पंजा उघडला. चालू. मामाने बोटं वर केली. पातळी चढलेली. दोघं पोरांसारखे हसायला लागले.

तेवढ्यात बाळा मागून आला. बुटात गेलेला खडा काढायला तो वाटेत थांबला होता. आला, पाण्याकडे बघितलं, दोघांचे हात बघितले, आणि काही विचार न करता त्याने मामाच्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

“माझं पाय निंगाले गं,” मामा म्हणाला. “थाप पडली का निंगायचं, तीस वरसं तेच केलंय. मी वळलोबी. दोन पावलं गेलोबी. मंग वाटलं, कुठं चाललोय मी?”

तो परत फिरला आणि आपल्या जागेवर येऊन उभा राहिला. मग त्याने शंकररावांच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. शंकररावांनी चष्मा काढला, ओल्या रेनकोटाला पुसला, परत घातला. ते हलले नाहीत. त्यांनी हात लांब करून बाळाच्या खांद्यावर थापा मारल्या. बाळाने कठडा घट्ट धरला. किती वेळ उभे होते ते मामाला सांगता येत नाही.

“चार्ज सगल्यांनी घेतला,” मामा म्हणाला, “पन गेला कुनीच नाय.”

मामी चहा ठेवायला म्हणून सूप बाजूला सारून उठली होती. चुलीपर्यंत गेली, आणि चहा न ठेवताच परत येऊन त्याच्या शेजारी बसली.